छातीत दुखतंय, पण पहिला ईसीजी आणि ट्रोपोनिन नॉर्मल : घरी सोडायचं का?

प्रश्न असा आहे: आकस्मिक विभागात छातीत दुखतंय म्हणून आलेल्या प्रौढ रुग्णाचा पहिला ईसीजी नॉर्मल आहे, पहिला ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) नॉर्मल आहे आणि आता दुखायचंही थांबलंय. त्याला घरी पाठवता येईल का, आणि मुळात अशा रुग्णाला तपासायचा क्रम काय ठेवावा?

नुसत्या त्या दोन रिपोर्टांच्या जोरावर नाही पाठवता येणार. दुखणं किती वाजता सुरू झालं, ईसीजी काढला तेव्हा ते चालू होतं का, आणि रक्त किती वाजता घेतलं, हे कळेपर्यंत त्या 'नॉर्मल'ला फारशी किंमत नाही. कळल्यावरही ती फक्त हृदयाच्या रक्तवाहिन्यांपुरती बाजू झाली. महाधमनीचा थर फाटलेल्या किंवा फुफ्फुसात गुठळी अडकलेल्या रुग्णाचेही हे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात.

आकस्मिक विभागात प्रत्येक दुखण्याला नाव देता येत नाही. बरेच रुग्ण ठोस निदान न होताच घरी जातात आणि त्यात गैर काही नाही. आपल्याला सहा गोष्टी बाजूला काढायच्या असतात: हृदयविकाराचा झटका आणि त्याच्या अलीकडचा अस्थिर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून होणारं दुखणं), ॲओर्टिक डिसेक्शन (महाधमनीचा थर फाटणं), पल्मनरी एम्बोलिझम (फुफ्फुसात गुठळी अडकणं), टेन्शन न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर हवा कोंडून दाब वाढणं), कार्डियाक टॅम्पोनाड (हृदयाभोवती द्रव साचून ते दाबलं जाणं) आणि अन्ननलिका फुटणं. बाकी सगळं, म्हणजे ॲसिडिटी, बरगडीचा सांधा, स्नायू, धास्ती, हे त्यानंतर. 'गॅस' हे निदान तर सगळ्यात शेवटी, आणि तेही शक्यतो लिहू नका.

रुग्ण दारातून आत आल्यापासून १० मिनिटांच्या आत १२ लीडचा (हृदयाकडे बारा बाजूंनी पाहणारा) ईसीजी निघाला पाहिजे आणि तो वाचता येणाऱ्या डॉक्टरने पाहिला पाहिजे. चुकतं ते बहुतेकदा दुसऱ्या अर्ध्यात. ईसीजी निघतो, केसपेपरला टाचला जातो आणि अर्ध्या तासाने कुणाच्या तरी हाताला लागतो. वर यंत्राने 'नॉर्मल' छापलेलं असलं की कुणी नीट बघतही नाही. पाहणाऱ्याने त्यावर वेळ आणि सही टाकायची, आणि 'दुखणं चालू' की 'दुखणं थांबलेलं' एवढे दोन शब्द लिहायचे. पुढे तुलना करताना तेच कामाला येतात. त्याच दहा मिनिटांत मॉनिटर लावा, शिरेत सुई घाला, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) हाताशी ठेवा, दोन्ही हातांचा रक्तदाब घ्या. ऑक्सिजन मात्र सवयीने लावू नका. एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९० टक्क्यांच्या खाली असेल किंवा रुग्णाला दम लागला असेल तरच लावा.

ईसीजी कुणाचा काढायचा, हेही सैल हाताने ठरवा. 'दुखतंय' हा शब्द अनेक रुग्ण वापरतच नाहीत. छाती भरून आली, दडपण आलं, गच्च झालं, जळजळतंय, असं सांगतात. वयस्कर माणसं, मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात नुसती धाप, अचानक फुटलेला घाम, ओकारी, पोटाच्या वरच्या भागात कळ किंवा एकदम गळून जाणं एवढंच असू शकतं. जबड्यात, खांद्यात, पाठीत सुरू झालेल्या दुखण्यालाही हाच नियम. २०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी 'एटिपिकल' (नेहमीसारखं नसलेलं) हा शब्द टाळायला सांगितलं आहे, आणि ते योग्यच वाटतं. तो शब्द एकदा केसपेपरवर पडला की पुढचा डॉक्टर 'हृदयाचं नाही' असं वाचतो. हृदयाचं, कदाचित हृदयाचं, हृदयाचं नसावं, अशी सरळ विभागणी करावी.

आता हकिगत. दुखणं दोन्ही हातांत किंवा उजव्या हातात उतरत असेल, श्रमाने वाढत असेल, सोबत घाम किंवा उलटी असेल तर झटक्याची शक्यता वाढते. डाव्या हाताची महती आपल्या डोक्यात जरा जास्तच बसली आहे. टोचल्यासारखं, श्वासासरशी वाढणारं, कूस बदलल्यावर बदलणारं दुखणं असेल तर शक्यता कमी होते, पण शून्य होत नाही. छाती दाबल्यावर दुखलं म्हणजे स्नायूचं, हा निष्कर्ष फार घाईचा आहे. दाबून झाल्यावर विचारा, 'घरी जे दुखत होतं ते हेच का?' 'नाही, हे वेगळं' असं उत्तर आलं तर त्या तपासणीचा उपयोग नाही, आणि 'हेच' असं आलं तरी तेवढ्यावर थांबता येत नाही. नायट्रोग्लिसरीनने (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) बरं वाटलं म्हणून हृदयाचं, किंवा अँटासिडने बरं वाटलं म्हणून पोटाचं, हे दोन्ही तर्क टिकत नाहीत. अन्ननलिकेचा आवळाही नायट्रोग्लिसरीनने सुटतो, आणि अंजायना आपोआपही थांबतो. मधुमेह, तंबाखू, कोलेस्टेरॉल पुढच्या वीस वर्षांचा धोका सांगतात. आजच्या या दुखण्याबद्दल त्यांचं म्हणणं बरंच दुबळं असतं. पस्तिशीतल्या, कुठलाही जोखीम घटक नसलेल्या माणसालाही झटका येतो.

ईसीजीवर जरा रेंगाळू, कारण सुटलेल्या केसेस इथेच सुटतात. आधी लीड कुठे लावलेत ते पाहा. व्ही१ आणि व्ही२ चौथ्या बरगड्यांमधल्या जागेत, छातीच्या हाडाच्या दोन बाजूंना असायला हवेत. घाईत ते वर, दुसऱ्या-तिसऱ्या जागेत चिकटवले जातात आणि मग नसलेला टी इन्व्हर्जन (टी लहर उलटी होणं) दिसतो. लीड एकमध्ये सगळं उलटं आणि एव्हीआरमध्ये सरळ दिसलं, तर हातांच्या तारा अदलाबदल झाल्यात का ते आधी बघा.

एसटी एलिव्हेशनचे, म्हणजे मुख्य क्यूआरएस लहर आणि टी लहर यांमधला एसटी भाग वर उचलला जाण्याचे, आकडे पाठ असू द्या. शेजारच्या दोन लीडमध्ये १ मिलिमीटर किंवा जास्त. व्ही२-व्ही३ मध्ये मात्र ४० आणि त्यावरच्या पुरुषांत २, चाळिशीच्या आतल्या पुरुषांत २.५ आणि स्त्रियांत १.५ मिलिमीटर. या आकड्यांत न बसणारी, तरीही रक्तवाहिनी बंद असलेली चित्रं जास्त धोक्याची. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली, आर (क्यूआरएसचं वरचं टोक) उंच आणि टी सरळ दिसला तर तो हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका असू शकतो. तेव्हा पाठीवर व्ही७, व्ही८, व्ही९ लावा. तिथे अर्धा मिलिमीटर एलिव्हेशनही पुरेसं आहे. खालच्या भिंतीच्या झटक्यात सगळ्यात आधी बदलते ती बऱ्याचदा एव्हीएल लीड, तिथला एसटी हळूच खाली बसतो. खालच्या भिंतीचा झटका दिसला की उजव्या बाजूची व्ही४आर काढल्याशिवाय नायट्रोग्लिसरीन देऊ नका. उजवं व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा उजवा कप्पा) दुखावलेलं असेल तर त्याचं काम आत येणाऱ्या रक्तावर चालतं, नायट्रोग्लिसरीन तेच कमी करतं आणि रक्तदाब कोसळतो.

व्हीच्या लीडमध्ये एसटी वर न जाता खालून वर चढत उंच, टोकदार टीमध्ये मिसळत असेल तर तो डी विंटर पॅटर्न. डाव्या बाजूची पुढची मुख्य धमनी, एलएडी, बंद असल्याची शक्यता मोठी. सहा किंवा जास्त लीडमध्ये एसटी खाली आणि एव्हीआरमध्ये वर असेल तर मुख्य डावी धमनी किंवा तिन्ही धमन्यांचा आजार मनात आणा. अर्थात मोठा रक्तस्राव किंवा खूप वेगवान हृदयगतीही हेच चित्र देते. डावा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूकडे जाणारा विद्युत मार्ग अडणं) असेल तर स्गार्बोसाचे निकष लावा: क्यूआरएसच्याच दिशेने १ मिलिमीटर एलिव्हेशन, किंवा व्ही१ ते व्ही३ मध्ये १ मिलिमीटर डिप्रेशन. विरुद्ध दिशेच्या एलिव्हेशनसाठी ठोकळ ५ मिलिमीटरऐवजी एसच्या (क्यूआरएसच्या खालच्या टोकाच्या) खोलीच्या २५ टक्क्यांहून जास्त आहे का, ही सुधारित कसोटी बरी.

प्रश्नातल्या रुग्णासाठी मात्र वेलेन्स पॅटर्न सगळ्यात महत्त्वाचा. दुखणं थांबल्यावर व्ही२-व्ही३ मध्ये टी आधी वर मग खाली, किंवा खोल उलटा दिसतो. एलएडी काही वेळ बंद होऊन पुन्हा उघडली, असा त्याचा अर्थ. रुग्ण मजेत बसलेला असतो, ट्रोपोनिन नॉर्मल किंवा किंचित वाढलेला असतो, आणि कुणीतरी त्याची स्ट्रेस टेस्ट (श्रम करवून घेतलेली हृदयाची तपासणी) करायला निघतं. ती करायची नाही. त्याला अँजिओग्राफीची गरज असते.

आणि एक ईसीजी म्हणजे जेमतेम दहा सेकंदांची नोंद. दुखणं चालू असेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढा, दुखणं परत आलं तर त्याच क्षणी. लीडची जागा शाईने खुणावून ठेवा, म्हणजे फरक हृदयातला की चिकटपट्टीतला हा वाद राहत नाही. जुना ईसीजी मिळाला तर सोन्याहून पिवळं.

ट्रोपोनिनचं गणित घड्याळाचं आहे. स्नायूला इजा झाल्यावर ते रक्तात मोजण्याइतकं यायला वेळ लागतो, त्यामुळे दुखणं सुरू होऊन तासाभरात घेतलेला नॉर्मल ट्रोपोनिन जवळजवळ काहीच सांगत नाही. हाय-सेन्सिटिव्हिटी तपासणी असेल तर दुसरा नमुना १, २ किंवा ३ तासांनी, जुन्या पद्धतीची असेल तर ३ ते ६ तासांनी. हे अंतर रक्त काढल्याच्या वेळेपासून मोजायचं, रिपोर्ट हातात आल्यापासून नव्हे. एकाच नमुन्यावर सोडता येतं, पण दोन अटींवर: दुखणं सुरू होऊन ३ तासांहून जास्त वेळ झालेला हवा, आणि आकडा त्या तपासणीच्या 'अतिशय कमी' मर्यादेखाली हवा. नुसता 'नॉर्मल' चालणार नाही. उदाहरणार्थ, हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टीच्या युरोपीय ०/१ तास पद्धतीत ही मर्यादा ५ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. पहिला आकडा १२ च्या खाली आणि तासाभरात वाढ ३ पेक्षा कमी असेल तरीही झटका बाजूला ठेवता येतो. पहिलाच ५२ किंवा जास्त, किंवा तासात ५ ने वाढ, तर दाखल. मधले अडकलेले रुग्ण ३ तासांच्या नमुन्यापर्यंत थांबवायचे. हे आकडे ट्रोपोनिन आयला लागू नाहीत, तिथे प्रत्येक कंपनीच्या किटचे वेगळे. आपल्या प्रयोगशाळेचं किट कोणतं, हे विचारून विभागाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

एक चूक वारंवार होते. पहिला नमुना खाटेशेजारच्या छोट्या यंत्रावर आणि दुसरा प्रयोगशाळेत. दोन यंत्रांच्या आकड्यांची वजाबाकी निरर्थक आहे. नमुन्यातल्या रक्तपेशी फुटलेल्या असतील तरी आकडा चुकतो, अशा वेळी पुन्हा रक्त घ्या.

उलट बाजूही आहे. ट्रोपोनिन वाढला म्हणजे धमनी बंद, असं नाही. मूत्रपिंडाचा जुना आजार, हार्ट फेल्युअर, सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेली घातक प्रतिक्रिया), मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूची सूज), पल्मनरी एम्बोलिझम, खूप वेगवान हृदयगती, सगळ्यांत तो वाढतो. मूत्रपिंडाच्या रुग्णात आकडा कायमच वर असतो, म्हणून त्याच्यात चढउतार पाहायचा. आधीच वाढलेल्या आकड्यात २० टक्क्यांहून जास्त बदल झाला तर ताजी इजा समजा. सीके-एमबी ही जुनी रक्त तपासणी मागवायचं आता सोडून द्या, निदानात ती काही भर घालत नाही.

दोन्ही ट्रोपोनिन नॉर्मल आणि ईसीजीत बदल नाही, इथे आल्यावर हार्ट स्कोअर लावा. नेदरलँड्समध्ये २००८ साली मांडलेला हा स्कोअर पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतो: हकिगत, ईसीजी, वय, जोखीम घटक, ट्रोपोनिन. वय ४५ च्या आत ०, ४५ ते ६४ ला १, ६५ पासून पुढे २. जोखीम घटक एकही नाही ०, एक-दोन असतील तर १, तीन किंवा जास्त, अथवा आधीच धमनीविकार ठाऊक असेल तर २. बेरीज ० ते ३ कमी धोका, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० जास्त. हकिगतीचे गुण तपासणाऱ्याच्या मनावर असतात, तिथे घरी सोडायच्या घाईत एक गुण हळूच कमी होतो. आणि ट्रोपोनिन वाढलेला असताना बेरीज ३ आली तरी तो कमी धोक्याचा रुग्ण नाही.

आता बाकीची पाच कारणं. यातलं ॲओर्टिक डिसेक्शन सगळ्यात जास्त फसवतं. विचारायचा प्रश्न एकच: 'दुखणं सुरू झालं त्या क्षणी किती होतं?' झटक्याचं दुखणं सहसा चढत जातं, डिसेक्शनचं पहिल्या क्षणीच शिगेला पोहोचलेलं असतं. ते पाठीत जातं, पोटाकडे सरकतं. एका हाताची नाडी क्षीण, दोन्ही हातांच्या वरच्या रक्तदाबात २० पेक्षा जास्त फरक, नवा ॲओर्टिक रिगर्जिटेशनचा मर्मर (महाधमनीच्या झडपेतून रक्त मागे गळण्याचा आवाज), किंवा छातीत दुखणं आणि सोबत हात-पाय लुळा पडणं, यातलं काहीही सापडलं तर सीटी अँजिओग्राफीकडे चला. छातीचा एक्स-रे नॉर्मल असला तरी डिसेक्शन नाही असं होत नाही. धोका कमी असेल, म्हणजे डिसेक्शन रिस्क स्कोअर ० किंवा १, तर ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरखालचा डी-डायमर (गुठळीची खूण दाखवणारी रक्त तपासणी) ते बाजूला काढायला पुरतो. स्कोअर त्याहून जास्त असेल तर डी-डायमरच्या नादी लागू नका. फाटणारा थर उजव्या कोरोनरीच्या (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या) तोंडाशी पोहोचला तर खालच्या भिंतीचा झटका हुबेहूब दिसतो. त्या रुग्णाला गुठळी विरघळवणारं औषध देणं जिवावर बेतू शकतं. उपचारात आधी बीटा ब्लॉकर (हृदयगती कमी करणारं औषध), हृदयगती मिनिटाला ६० च्या खाली, मग वरचा रक्तदाब १०० ते १२० वर. हा क्रम उलटा झाला, आधी रक्तवाहिन्या सैल करणारं औषध दिलं, तर हृदय प्रतिक्रियेने जोरात धडधडतं आणि फाट वाढते.

पल्मनरी एम्बोलिझममध्ये आधी तुमचा स्वतःचा अंदाज काय ते ठरवा. शक्यता अगदीच कमी वाटत असेल तर पर्क या नियमाचे आठ मुद्दे पाहा: वय ५० च्या आत, नाडी १०० च्या आत, एसपीओटू ९५ किंवा जास्त, थुंकीतून रक्त नाही, इस्ट्रोजेनच्या गोळ्या नाहीत, आधी गुठळी झालेली नाही, एकाच पायाला सूज नाही, चार आठवड्यांत शस्त्रक्रिया किंवा मोठी दुखापत नाही. आठही जमले तर डी-डायमरसुद्धा नको. नाही जमले तर वेल्स स्कोअर (गुठळीची शक्यता मोजणारे गुण). तो ४ किंवा कमी असेल तर डी-डायमर, जास्त असेल तर थेट सीटी. पन्नाशीनंतर डी-डायमरची मर्यादा वय गुणिले १०, एककं एफईयूमध्ये (फायब्रिनोजेन इक्विव्हॅलंट युनिट) असतील तर. ईसीजीत एस१क्यू३टी३ हा ठरावीक नमुना शोधत बसू नका. सर्वांत जास्त दिसतो तो साधा सायनस टॅकिकार्डिया (वेगवान पण नियमित हृदयगती). व्ही१ ते व्ही४ सोबत लीड तीनमध्येही टी उलटा असेल तर मात्र एम्बोलिझमचा संशय वाढवा.

टेन्शन न्यूमोथोरॅक्स एक्स-रेवर ओळखायची वेळ यायला नको. एका बाजूचा श्वास ऐकू येत नाही आणि रक्तदाब कोसळतोय, एवढ्यावर चौथ्या-पाचव्या जागेत, काखेच्या मध्यरेषेच्या जरा पुढे सुई, आणि मग नळी. टॅम्पोनाडसाठी खाटेशेजारची सोनोग्राफी दोन मिनिटांत उत्तर देते. तोच प्रोब हातात असताना हृदयाची भिंत कुठे हलत नाही, उजवं व्हेंट्रिकल फुगलंय का, महाधमनीचं मूळ ४ सेंटिमीटरहून रुंद आहे का, हेही पाहून घ्या. जोरदार उलटीनंतर सुरू झालेलं दुखणं आणि मानेच्या कातडीखाली करकरणारी हवा, म्हणजे अन्ननलिका फुटलेली नाही हे सिद्ध होईपर्यंत ती फुटलीच आहे असं समजायचं.

पेरिकार्डायटिसबद्दल (हृदयाच्या आवरणाची सूज) एकच इशारा. सगळीकडे एसटी वर, पीआर (क्यूआरएसच्या आधीचा भाग) खाली, पुढे वाकल्यावर आराम, हे चित्र खरं. पण एव्हीआर आणि व्ही१ सोडून कुठेही एसटी खाली असेल तर तो झटका आहे असं धरून चाला.

झटक्याचं निदान पक्कं झालं की ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या. आवरण असलेली गोळी नको, ती उशिरा विरघळते. अँजिओप्लास्टी त्याच रुग्णालयात ९० मिनिटांत, किंवा दुसरीकडे हलवून १२० मिनिटांत होणार असेल तर तिकडे. नसेल होणार तर गुठळी विरघळवणारं औषध अर्ध्या तासाच्या आत. ते टेनेक्टेप्लेज असेल तर डोस वजनावर: ६० किलोखाली ३० मिलिग्रॅम, मग प्रत्येक १० किलोमागे ५ ने वाढ, ९० आणि पुढे ५०, वय ७५ किंवा जास्त असेल तर निम्मा. ६० ते ९० मिनिटांनी एसटी निम्म्याने खाली आला नाही तर थांबू नका, अँजिओप्लास्टीसाठी हलवा. नायट्रोग्लिसरीन देण्याआधी प्रत्येकाला, लाजणाऱ्यालाही, सिल्डेनाफिलसारख्या लैंगिक दुर्बलतेवरच्या औषधांबद्दल विचारा: सिल्डेनाफिल घेतलं असेल तर २४ तास, टाडालाफिल असेल तर ४८ तास नायट्रोग्लिसरीन नाही.

तर प्रश्नातल्या रुग्णाकडे परत. दुखणं कधी सुरू झालं ते पुन्हा विचारा. दुखणं थांबल्यानंतरचा ईसीजी काढा आणि व्ही२-व्ही३ नीट बघा. दुसरा ट्रोपोनिन वेळेवर घ्या. डिसेक्शन आणि एम्बोलिझमसाठी वरचे प्रश्न विचारून उत्तरं लिहा, नसल्याची नोंदसुद्धा. हार्ट स्कोअर ० ते ३ आला तर त्याला घरी जाऊ द्या. त्याच दिवशी स्ट्रेस टेस्ट किंवा सीटी करायची गरज नाही. ४ ते ६ असेल तर निरीक्षणाखाली ठेवा आणि हृदयरोगतज्ज्ञांशी बोला. घरी जाताना 'हृदयाचं काही नाही' असं सांगू नका. 'आज झटक्याची खूण सापडली नाही' असं सांगा, आणि दुखणं १५ मिनिटांहून जास्त टिकलं, घाम किंवा धाप आली, चक्कर आली तर स्वतः गाडी न चालवता लगेच परत यायचं, हे नातेवाइकांच्या समोर समजावा.

आणि दुसऱ्या ट्रोपोनिनच्या आधीच 'आता बरं वाटतंय, निघतो' म्हणणारा रुग्ण हमखास भेटतो. सहीचा कागद पुढे करण्याआधी कारण विचारा; घरी एकटं कुणीतरी असतं, किंवा बिलाची भीती असते, आणि त्यातून कधीकधी मार्ग निघतो. तरीही तो निघाला तर काय होऊ शकतं ते साध्या शब्दांत सांगा, रक्तस्रावाचा धोका किंवा डिसेक्शनचा संशय नसेल तर ॲस्पिरिन द्या, फोन नंबर तपासून घ्या, दुसरा नमुना द्यायला किती वाजता आणि कुठे यायचं ते चिठ्ठीवर लिहा. रागावून पाठवलेला रुग्ण दुखणं वाढल्यावरही परत यायला कचरतो.